अध्यक्षांच्या पोराची शाल

आमच्या भागात अध्यक्षांच्या पोराचा फोटो खाल्ला नाही अशी एक शेळी दाखवा, मी माझी सायकल बक्षीस देतो. कोंढ्याच्या चौकातून आमच्या गावाकडे वळलात की पहिल्या खांबापासून तो तुम्हाला हात जोडायला लागतो, आणि गावच्या तलावापर्यंत जोडतच राहतो. वाढदिवस त्याचा वर्षातून निदान सहा वेळा येतो. पहिल्या फ्लेक्सवर बाप रेड्याएवढा आणि हा कोपऱ्यात लिंबाएवढा होता. दर वर्षी हा फुगत गेला, बाप आटत गेला. आता बापाचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा उरला आहे.

त्या फ्लेक्सचा एक उपयोग मात्र झाला, खोटं कशाला बोलू. धान कापून पेंढ्यांचं पुंजणं रचलं की आमचे लोक त्याच्यावर रात्रीच्या दवासाठी तेच फ्लेक्स पांघरतात. दिवाळीनंतर गावाबाहेर उभं राहिलं की दिसेल तिथवर पुंजणी, आणि प्रत्येक पुंजण्यावर हा, कुठे आडवा, कुठे उलटा, हात जोडून. त्याने जन्मात केलेलं लोकांच्या उपयोगाचं काम एवढंच. तेही त्याला ठाऊक नाही.

अध्यक्ष कशाचे, असं बाहेरगावचा माणूस विचारतो. आमच्याकडे हा प्रश्न पडत नाही. शाळा चालवणारी संस्था त्यांची, धान खरेदीची संस्था त्यांची, तलावाचं पाणी वाटायची संस्था त्यांची, भजनी मंडळ आणि व्यायामशाळाही त्यांचीच. माणूस जन्मला की त्यांच्या सभासदत्वात येतो आणि मेला तर स्मशानाच्या शेडवर त्यांचंच नाव. त्यामुळे नुसतं ‘अध्यक्ष’ म्हटलं की पुरतं. आणि पोराला ‘भैय्याजी’. आई-बापाने ठेवलेलं नाव त्याच्या शाळेच्या दाखल्यावर आहे. तो दाखला मी लिहिला, म्हणून मला माहीत. बाकी कोणी सांगू शकणार नाही.

हो, मी त्याचा गुरुजी. अध्यक्षांच्याच शाळेत मी उभी हयात खडू झिजवला आणि हे रत्न पाचवीत माझ्या वर्गात होतं. जन्मला तेव्हा म्हणे त्याने रडायच्या आधी हात हलवला होता. ही गोष्ट त्याच्याच माणसांनी पसरवली, पण मी म्हणतो खरी असेल. वर्गातही तो बाकावर बसण्याआधी मागे वळून सगळ्यांना हात हलवायचा. त्याच्या तोंडचं ते प्रसिद्ध वाक्य मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं.

“काय रे, गणितं सोडवली का?”

“समजा सर, झालं.”

बाकीच्या पोरांना या उत्तराबद्दल मी छड्या दिल्या असत्या. याच्यासमोर हात वर गेला, खिडकीतून अध्यक्षांची जीप दिसली, हात खाली आला. वहीवर बरोबरची खूण करून दिली. म्हणजे पहिल्यांदा समजलो तो मी. पुढे अख्खा तालुका समजत गेला. रस्ता? समजा, झालं. दवाखान्यात डॉक्टर? समजा, आले. लाइन कधी येणार भैय्याजी? “अरे बाबा, समजा, आली!” आणि लोक अंधारात टाळ्या वाजवत.

त्याची मान कायम थोडी पुढे झुकलेली असते. हार घालून घ्यायच्या सवयीने तिला बाक आला आहे. भंडाऱ्याला एका न्हाव्याने दाढीसाठी टॉवेल गळ्यात टाकला तर याने उठून चार शब्द बोलायला सुरुवात केली, आणि अर्धी दाढी साबणात वाळली. ही गोष्ट मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. असेल. भाषण अर्धा तासच झालं असेल.

पंधरा वर्षं तो ‘भावी’ होता. लेटरहेडवर नावाखाली तेच छापलेलं. कशाचा भावी, ते सोडून दिलेलं. गाडीच्या डिक्कीत कायम एक पितळी तबक. त्यात कात्री, फितीचं बंडल, कुंकू आणि एक नारळ. रस्त्याने जाताना कुठे नवी पानटपरी दिसली तरी गाडी थांबायची, फीत लागायची, कटायची. नारळ फुटायचा नाही. फोटोपुरता उचलायचा आणि परत तबकात. त्या नारळातलं पाणी आटलं, खोबरं सुटलं, आत खुळखुळायला लागलं. लांबून आवाज आला की पोरं ओरडायची, “भैय्याजी आले!”

आणि ती शाल.

कोशाची, म्हणजे टसर रेशमाची शाल, आपल्याच जिल्ह्यात विणलेली, सोनेरी अंगाची आणि तांबडे काठ. वस्तू नामी, त्यात वाद नाही. सत्कार करायचा त्याला भारी नाद. पैलवान, दहावीची पोरगी, शंभरी गाठलेली म्हातारी, चार शेर दूध देणारी गाय, सगळ्यांचा सत्कार. शाल खांद्यावर पडली, फोटो निघाला, की त्याचा ड्रायव्हर मागून येऊन अशी अलगद काढून घ्यायचा की सत्कारमूर्तीला थंडी वाजल्यावरच कळायचं. “फ्रेम करून पाठवतो,” म्हणायचा. एकच शाल अख्ख्या तालुक्याच्या खांद्यांवरून फिरली. माझ्या निवृत्तीला माझ्याही खांद्यावर आली होती. गायीचा वास येत होता.

इथपर्यंत हसा. मीही इतकी वर्षं हसतच होतो, आणि हसण्याखाली बरंच काही झाकून ठेवत होतो. आता पुढचं ऐका.

आमच्या गावचा तलाव मालगुजारीच्या काळातला. त्याच्या पाळीत पाणी सोडायची जी मोरी आहे तिला आम्ही तुडूम म्हणतो. ते उघडणारा-मिटणारा माणूस म्हणजे पाणकर. चार पिढ्या हे काम आमच्या घरात. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, शेवटचे पाणकर. माणूस काटकुळा, सत्तरीच्या पुढचा, बोलायला कंजूष. त्यांचा एक नेम होता. पाणी सोडायच्या आधी अनवाणी चालत सगळ्यात शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या खाचरापर्यंत, जायचं. कोणाचा धान कापून पडला आहे का, कोणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटला आहे का, डोळ्यांनी बघायचं. मग तिथूनच हाक द्यायची, “पानी येते होऽऽ!” आणि परत येऊन तुडूम उघडायचं. घरात मयत झाली त्या दिवशीसुद्धा ते आधी शेवटच्या बांधीवर जाऊन आले होते. तुडुमाला लाकडी बुच असायचं, सागाचं, मांडीएवढं जाड. मोठेबाबांच्या आजोबांनी तासलेलं.

अध्यक्षांच्या पाणी संस्थेने ते बुच काढून तिथे लोखंडी दरवाजा आणि वर फिरवायचं चक्र बसवलं. लोकार्पणाला भैय्याजी. दिवाळी चार दिवसांवर होती. ज्यांचा हलका, म्हणजे लवकर येणारा धान होता त्यांनी तो कापला होता, आणि कडपा, म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंढ्या, खालच्या बांध्यांमध्ये वाळत पडल्या होत्या. ज्यांचा भारी धान होता त्यांचा दाणा भरत होता, त्याला पुढच्या आठवड्यात एक शेवटचं पाणी हवं होतं. तलावात होतं नव्हतं ते सगळं पाणी त्या एका पाण्यासाठी राखलेलं. अर्धं गाव हलक्याचं, अर्धं भारीचं. म्हणजे त्या दिवशी तुडूम बंद राहणं ही सगळ्या गावाची भाकर होती. आमच्याकडचं चार वर्षांचं पोर हे सांगेल.

भैय्याजी तीन तास उशिरा आले. पाळीवर मांडव, ढोल, वर घिरट्या घालणारा ड्रोन. मोठेबाबा चक्राजवळ हात जोडून उभे.

“भाऊ, चक्राले हात लावा, फोटो काढा. पन फिरवू नका जी. खाली लोकाइच्या कडपा पडल्या आहेत.”

“बाबाजी, टेन्शन काहून घेता? समजा, झालं!”

“समजा नाई जी. पानी समजत नाई.”

भैय्याजी हसले. मग त्यांनी माईकवर मोठेबाबांच्या या वाक्याची थोडी गंमत केली, लोकही हसले. मीही. फीत कापली, नारळ खुळखुळला आणि याने चक्राला हात घातला. एक वेढा, दोन वेढे.

फोटोग्राफर खालून ओरडला, “भैय्या, पानी दिसून नाही राहिलं! अजून फिरवा ना!”

याने फिरवलं. पाणी दिसलं. “जरा फोर्समध्ये येऊ द्या!” याने आणखी फिरवलं. शेवटी आतले आटे तुटले, दरवाजा वर अडकून बसला आणि अख्खं चक्र याच्या हातात आलं. दुसरा माणूस असता तर घाबरला असता. याने ते चक्र दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, जणू कुस्तीच्या दंगलीत गदा जिंकली आहे. टाळ्या! ढोल! तोच फोटो पुढे वर्षभर चौकात होता, खाली अक्षरं: ‘जलनायक’.

ढोल थांबला तेव्हा खालून बायकांचा ओरडा ऐकू आला. कडपा तरंगायला लागल्या होत्या. लोक मांडवातून खाली पळाले, पदरात, धोतरात, मिळेल त्यात ओला धान भरू लागले. मोठेबाबा मला म्हणाले, “बापू, घरून बुच आन.” त्यांनी ते टाकलं नव्हतं. रोज त्याच्यावर बसून जेवत. मी सायकलला बांधून आणलं. तोवर ते तलावाच्या बाजूने छातीभर पाण्यात उतरले होते. त्या वयात, आश्विनाच्या गार पाण्यात. तीन वेळा बुडी मारली. तिसऱ्यांदा वर यायला इतका वेळ लागला की मी पाळीवर बसकण मारली. मग खालचा खळखळाट थांबला आणि त्यांचं डोकं वर आलं. डोळे लाल, हाताची सालं निघालेली.

अर्धा तलाव तोवर गेला होता. तिसऱ्या दिवशी कडपांतल्या दाण्यांना कोंब फुटले, आणि भारी धान पाण्यावाचून पोचट झाला. गावाने ती दिवाळी पणत्यांवरच उरकली.

आणि भैय्याजी? बायका ओरडत असताना ते घोट्याएवढ्या पाण्यात पँट वर करून उभे राहिले, ड्रोनवाल्याला हाक मारली आणि फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर तो फोटो आला: भैय्याजींच्या प्रसंगावधानाने तलाव वाचला!

गाव तापलं. तेव्हा अध्यक्षांनी चौकशी समिती नेमली. समितीचा अध्यक्ष कोण, ओळखा पाहू! आयुष्यभर ‘भावी’ राहिलेला हा माणूस पहिल्यांदा अध्यक्ष झाला तो या समितीचा. आमच्या हेडमास्तरांच्या खोलीत बैठक भरली. चहा आला, बिस्किटं आली, पंचनामा आला, तोही टाइप होऊन. ‘पाणकराने वेळीच सूचना न दिल्याने व जुनाट लाकडी बुच बळजबरीने घातल्याने नवीन दरवाजाचे नुकसान होऊन पाणी वाया गेले.’ पंच म्हणून खाली माझं नाव.

मी म्हटलं, “भैय्याजी, हे... असं झालं नाही.”

“सर, तुम्ही माझे गुरू.” त्याने पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. “वहिनींची ऑर्डर निघायची आहे ना आपल्या शाळेत? समजा, निघाली.”

वहिनी म्हणजे माझी सून. दोन वर्षं ती बिनपगारी शिकवत होती.

मी सही केली. पेन चालत नव्हतं तर झटकून केली.

मोठेबाबांची पाणकरकी गेली. ड्रायव्हरच्या मेव्हण्याला पाणकर नेमलं, त्याला पाण्याची भीती वाटायची. पंचनाम्याची प्रत मोठेबाबांना दिली गेली. त्यांना वाचता येत नाही. ती घेऊन ते माझ्याकडेच आले.

“वाच बापू.”

मी वाचलं. पूर्ण. ते बुचावर बसावं तसे दारात उकिडवे बसले होते.

“खाली सही कोनाची आहे?”

“माझी.”

त्यांनी कागद घेतला, बोट फिरवलं. “अक्षर चांगलं आहे तुयं,” म्हणाले आणि गेले. मला कोणी चौकात जोड्याने मारलं असतं तर मी जगलो असतो.

सुनेची ऑर्डर? समजा, निघाली. म्हणजे निघाली नाही. ड्रायव्हरच्या पुतणीची निघाली.

निवृत्त झाल्यावर मला हिंमत आली. मास्तरांची हिंमत पेन्शनबरोबरच सुरू होते. मी अर्ज लिहिला की पंचनामा खोटा आहे, सही मी भीतीने केली, पाणकराचं नाव त्यातून काढावं. तो घेऊन भैय्याजींच्या बंगल्यावर गेलो. बाहेर चाळीस माणसं आणि आत एक झोपाळा. त्याने अर्ज वाचला नाही. कपाळाला लावला आणि मागे उभ्या ड्रायव्हरकडे दिला.

“गुरुजी, तुम्ही सांगितलं ना? समजा, काढलं.”

“समजू नको रे, खोडून दे! खोडायला शाई लागते, समजून नाई होत!”

तो हसला, मान पुढे केली. मी हार घालायला आलो असं त्याला वाटलं असावं.

ही गेल्या वर्षाची गोष्ट. मग निवडणूक लागली आणि ‘भावी’ खरोखरच उमेदवार झाला. आमच्या गावात मतं फिरलेली, हे त्याला कोणीतरी सांगितलं. उपाय त्याच्याकडे एकच. तलावाच्या पाळीवर सत्कार ठेवला, ‘ज्येष्ठ जलसेवक’ म्हणून, मोठेबाबांचा!

ते जाणार नाहीत अशी माझी खात्री होती. गेले. धुतलेलं धोतर नेसून, अनवाणी. सरळ मांडवातही आले नाहीत, आधी खाली उतरून शेवटच्या बांधीपर्यंत चालत गेले आणि परत आले. भैय्याजी माईकवर ताटकळले. धान तेव्हा दाणा भरत होता. लोखंडी दरवाजाचं पुढे वेल्डिंग होऊन चक्र परत बसलं होतं, पण एका बाजूने मनगटाएवढी फट राहिलेली. तिच्यातून पाणी रात्रंदिवस सूं सूं करत जायचं. नव्या पाणकराने त्यात पोती कोंबून पाहिली, धानाची वाळकी तणीस कोंबली, सगळं वाहून गेलं. शेवटच्या पाण्याला तलाव पुरणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

भैय्याजी बोलले. त्याग, सेवा, पितृतुल्य, सगळं झालं. शाल पडली. फोटो निघाला. ड्रायव्हर सवयीने मागून आला, टोक धरलं, ओढलं.

शाल आली नाही. मोठेबाबांनी ती छातीशी मुठीत धरली होती. ड्रायव्हरने पुन्हा ओढली, चेहऱ्यावर हसू ठेवून. म्हाताऱ्याची मूठ. त्या मुठीने चार दशकं सागाचं बुच उपसलं आहे, ड्रायव्हरचा काय पाड!

“काहून ओढून राहिला बे? मले देली ना?”

भैय्याजींनी मान हलवली, सोड म्हणून. मोठेबाबा शाल घेऊन पाळीवरून तुडुमापाशी गेले, पाण्यात कंबरभर उतरले. शालीची घडी घातली, घट्ट पिळा दिला. आधी आम्हाला वाटलं धुताहेत. मग त्यांनी पिळ्याचं टोक फटीला लावलं आणि पाण्यानेच ती आत ओढून घेतली. कोशाचा धागा ओला झाला की दोर होतो. काठीने दोन ठोसे दिले. सूं सूं थांबलं. इतकं शांत झालं की ड्रोनचा आवाज ऐकू आला.

“बाबाजी!” भैय्याजींचा आवाज माईकवर फाटला. “शाल! कोशाची आहे ती, माझ्या बाबांची आहे!”

मोठेबाबा पाण्यातून वर येत होते. धोतर पिळत म्हणाले, “समजा भाऊ, भेटली.”

हसायला आधी एक बाई लागली, मग सगळा मांडव. त्या हशात काय होतं ते हसणाऱ्यांनाच ठाऊक.

निवडणूक तो जिंकला. आमच्या गावात आपटला, बाकी गावांनी तारला. आता बापाच्या संस्थांचाही अध्यक्ष तोच आहे, आणि फ्लेक्सवर बापाचं तिकीटही राहिलेलं नाही. त्या वर्षी भारी धानाला शेवटचं पाणी पुरलं. मेव्हणा काम सोडून गेला. कोणी ठराव केला नाही, कोणी नेमणूक केली नाही, पण पाणी सोडायच्या दिवशी लोक मोठेबाबांच्या दारात येऊन बसतात, ते अनवाणी शेवटच्या बांधीपर्यंत जातात, आणि तिकडून हाक आल्याशिवाय चक्राला कोणी हात लावत नाही.

कागदावर मात्र दोषी तेच आहेत. फाईल संस्थेच्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली भैय्याजींकडे आहे. परवा मी पुन्हा अर्ज घेऊन निघालो होतो, हा सातवा. मोठेबाबा पाळीवर भेटले. अर्ज हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

“यात काय लिवलं आहे?”

“तुम्ही खरे, मी खोटा.”

“मंग तिकडे कायले नेऊन राहिला?” ते म्हणाले. “त्याले तर ठावं आहे. गावाले वाचून दाखव.”

म्हणून हे.